कॅचर बॅटचा घ्यायचा की हाताचा?

प्रश्न: नमस्कार दादा, मी साखळीचा, आणि माझा आतेभाऊ मडगावला असतो. आम्ही दोघं 'आउट ऑफ द पार्क बेसबॉल' हा मॅनेजरचा गेम ऑनलाइन लीग करून खेळतो. माझ्या कॅचरने (बॅटरमागे बसून पिचरचे बॉल घेणारा, आपल्या कीपरसारखा) गेल्या सीझनला १८ होमरन मारले, अ‍ॅव्हरेज .२५५, पण फ्रेमिंगचे (बॉल अंपायरला स्ट्राइक वाटेल असा घेण्याचे) रन उणे ९. भावाच्या कॅचरचं अ‍ॅव्हरेज .२२०, होमरन ९, पण फ्रेमिंग अधिक १२ आणि ब्लॉकिंगही (जमिनीवर पडणारे बॉल अडवणं) चांगलं. वॉक (न मारता फुकट मिळालेले फर्स्ट बेस) दोघांचे सारखेच. तो म्हणतो सरळ अदलाबदल करूया, चवथीच्या आधी ट्रेडची मुदत संपते. आर्म (थ्रोची ताकद) दोघांचा साधारणच. पण माझा कॅचर मागे असताना पिचर्सचा ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेले रन) ३.६० पडतो, माझ्याच दुसऱ्या कॅचरबरोबर ३.९५, मग तो एवढा वाईट कसा असेल? काय करू?

उत्तर: बरं झालं आकडे घेऊन आलास, नाहीतर या विषयावर नुसतेच वाद होतात. दोन्ही गोष्टी आधी रनमध्ये आण, एकाचे होमरन आणि दुसऱ्याचं रेटिंग समोरासमोर ठेवून कधीच काही कळत नाही.

आधी बॅट बघू. कॅचर सीझनच्या १६२ च्या १६२ मॅच काही खेळत नाही, गुडघे राहायला पाहिजेत ना, त्यामुळे १२० मॅच आणि ४०० अ‍ॅट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या) धर. .२५५ म्हणजे १०२ हिट आणि .२२० म्हणजे ८८, फरक १४ हिटचा, त्यातले ९ होमरन आणि बाकीच्या ५ आपण सिंगल (एका बेसची हिट) धरू. आउटच्या जागी सिंगल आली की साधारण पाऊण रन वाढतो, होमरन आला की दीडपेक्षा थोडा जास्त (बेसवर नेहमी कुणी असतंच असं नाही म्हणून एवढाच). सगळं मिळून अठरा-एकोणीस रन झाले. एवढ्याने तुझा कॅचर पुढे.

आता ग्लोव्ह. फ्रेमिंगचा फरक उणे ९ ते अधिक १२, म्हणजे २१ रन. तुला वाटेल एवढे रन येतात कुठून, दिसत तर काहीच नाही, आणि नेमकं इथेच सगळे फसतात. एका मॅचमध्ये कॅचरकडे दीडशेच्या आसपास बॉल येतात आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त बॉलना बॅटर बॅटच फिरवत नाही, तिथे बॉल (झोनबाहेरचा, बॅटरच्या फायद्याचा) की स्ट्राइक (झोनमधला, तीन झाले की बॅटर आउट) हे अंपायरच ठरवतो. बॉलचा स्ट्राइक झाला की साधारण एक अष्टमांश रन वाचतो. २१ रन म्हणजे १६८ स्ट्राइक, १२० मॅचवर वाटले तर मॅचमागे दीड स्ट्राइकसुद्धा नाही!! भावाचा कॅचर एवढंच करतो, पण रोज करतो.

एकदा एखाद्या चांगल्या कॅचरचा व्हिडिओ स्लो करून नुसता ग्लोव्ह बघ. गुडघ्याच्या उंचीचा बॉल येणार असेल तर तो ग्लोव्ह आधीच जमिनीजवळ नेऊन ठेवतो आणि बॉल वर येता येता घेतो, म्हणजे अंपायरला ग्लोव्ह झोनच्या (होम प्लेटवरचा, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतचा पट्टा) आत येताना दिसतो. कच्चा कॅचर तोच बॉल वरून खाली जाऊन घेतो, बॉलच्या जोराने ग्लोव्ह अजून खाली जातो आणि हातातला स्ट्राइक गेला. बॉल तोच, जागाही तीच. आपण लहानपणापासून क्रिकेट बघितलेलं, त्यामुळे कीपर म्हटलं की झेल आणि स्टंपिंगच डोळ्यासमोर येतं, नुसत्या ग्लोव्हने अंपायरचं मत वळवणारा कीपर ही कल्पनाच आपल्याकडे नाही.

आता तुझा ईआरएचा मुद्दा. कॅचरनिहाय ईआरए प्लीज बघू नको, त्याने आजवर कितीजणांना चुकीचं सांगितलंय. तुझा एक नंबरचा पिचर कुणाबरोबर टाकतो ते आधी तपास, माझा अंदाज मेन कॅचरबरोबरच, आणि दुसरा कॅचर खेळतो ते पाचव्या, म्हणजे पाळीतल्या सगळ्यात कच्च्या, पिचरच्या दिवशी. मग ३.६० आणि ३.९५ मधला फरक पिचरचा झाला, कॅचरच्या नावावर कसा टाकायचा?

आर्म दोघांचा सारखा आहे म्हणून सोडून देतो, पण लीग कुठल्या काळाची आहे ते लक्षात असू दे. १९८२ ला रिकी हेंडरसनने एकट्याने १३० बेस चोरले होते (म्हणजे पिचर बॉल टाकत असताना धावून पुढचा बेस गाठला), तसल्या काळाची लीग असेल तर आर्म महाग. आजच्या काळाची असेल तर २०२३ ला बेस १५ इंचांचे १८ इंच केले आणि पिचरच्या पिकऑफवर (रनरला पकडायला बेसवर केलेला थ्रो) मर्यादा आली, त्यामुळे मेजर लीगमधल्या (अमेरिकेतली मुख्य लीग) चोऱ्या एका वर्षात २,४८६ वरून ३,५०३ वर गेल्या. तरीसुद्धा चोरी सफल होण्याऐवजी रनर आउट झाला तर फरक साधारण ०.६ रनचाच पडतो, वर्षाला १० रनर जास्त मारले तरी ६ रन. थ्रो सगळ्यांना दिसतो म्हणून लोक त्याची किंमत उगाच वाढवतात. माइक पियाझाचंच बघ, कॅचर म्हणून ३९६ होमरन, आणि थ्रो कमजोर म्हणून आयुष्यभर 'कॅचर म्हणून वाईट' हा शिक्का बसला. नंतर लोकांनी जुन्या मॅचचे हिशेब मांडले तेव्हा बॉल घेण्यात तो चांगलाच निघाला. मला अजून वाईट वाटतं त्याच्याबद्दल.

म्हणजे १८-१९ च्या समोर २१, वर ब्लॉकिंगचे दोन-चार रन. ट्रेड कर, पण सरळ अदलाबदल करू नको! होमरनवाल्या कॅचरला लीगमध्ये गिऱ्हाईक जास्त असतं, भावालाही ते माहीत असणार म्हणूनच तो घाई करतोय. वर एक बरा रिलीफ पिचर (मॅचच्या मध्येच येऊन टाकणारा) माग, आणि नाहीच दिला तरी मुदतीच्या आदल्या दिवशी हो म्हण. आणि तुझ्या कॅचरला फर्स्ट बेसला हलवून दोघांनाही ठेवू असा विचार मनात आला असेल तर तो काढून टाक. .२५५ आणि १८ होमरन हे कॅचरसाठी छान आहे, फर्स्ट बेसला तेवढं कुणीही मारतं.

प्रश्न: पेडण्याला शाळेत पीटी शिकवते. मुलींच्या सॉफ्टबॉल टीममध्ये कॅचरसाठी दोन मुली आहेत, एक जोरात मारते, दुसरी बॉल छान अडवते. तुमचा हिशेब इथे लागू होतो का?

उत्तर: नाही मॅडम, इथे वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवा. शाळेच्या मॅचला फ्रेमिंगचं एवढं महत्त्व नाही, पिचर मुलीचा बॉल अर्ध्या वेळा जमिनीवर पडतो आणि तो मागे गेला की तिसऱ्या बेसवरची मुलगी धावत होमला येते, म्हणजे एका चुकीला अख्खा एक रन. अडवणारीलाच कॅचर करा. मारणारीला बॅटिंगला वर पाठवा आणि फील्डिंगला फर्स्ट बेसला उभी करा, तुमच्याकडे ते चालेल. फक्त अडवणारीला सांगा की बॉल खाली पडतोय दिसल्यावर ग्लोव्हने उचलायला जाऊ नको, दोन्ही गुडघे टेक, ग्लोव्ह पायांच्या मध्ये ठेव, हनुवटी छातीला लाव आणि बॉल अंगावर घेऊन पुढ्यात पाड. मास्क, चेस्ट प्रोटेक्टर आणि लेग गार्ड घातल्याशिवाय ही प्रॅक्टिस अजिबात करू देऊ नका, आणि पहिला आठवडा बॉल हाताने हळूच टाका, मशीन किंवा पिचर नको.