निम्मं-निम्मं करण्याआधी

सहा महिने तुम्ही एकट्याने प्रॉडक्ट उभं केलंत, आता जुना मित्र यायचं म्हणतोय आणि वर "निम्मं-निम्मं करू, आपल्यात कसला हिशेब?" हे वाचलं आणि पोटात गोळाच आला. माझा मित्र अगदी हेच म्हणाला होता.

एकट्याने की दोघांनी, यावर वाद घालणारे खूप आहेत. माझं घोडं अडलं ते दुसरीकडेच. पहिल्याच दिवशी 50-50 शेअर वाटले आणि व्हेस्टिंग, म्हणजे कामाच्या काळानुसार शेअर हळूहळू पक्के होण्याची अट, ठेवलंच नाही. आठव्या महिन्यात तो नोकरीला लागला. भांडण नाही, काही नाही, पण अर्धी कंपनी त्याच्या नावावर. दोन वर्षांनी एक गुंतवणूकदार आले, कागद चाळले आणि विचारलं, "हे दुसरे काय काम बघतात?" मी गप्प. बोलणी तिथेच संपली.

त्यात बँक! खात्यावर दोघांच्या सह्या. त्याची सही काढायची तर ठराव हवा, आणि ठरावावर परत त्याचीच सही हवी. दर खेपेला काउंटरवर नवा माणूस, नवा फॉर्म. लोकांचे पगार रखडले. नाव घेत नाही, पण आजही त्या शाखेवरून जाताना डोकं तापतं.

व्हेस्टिंगची रूढ पद्धत 4 वर्षांची, पहिल्या वर्षाची क्लिफ. म्हणजे 12 महिन्यांआधी सोडलं तर शून्य, वर्ष भरलं की 25 टक्के, पुढचं दरमहा थोडं थोडं. तेच कलम स्वतःच्या शेअरनाही लावा, म्हणजे मित्राला अपमान वाटणार नाही. सहा महिन्यांचं तुमचं काम आधीच झालंय, तेवढं मोजून घ्यायला लाजू नका.

आणि अडलं तर शेवटचा शब्द कुणाचा, तेही लिहा. 1976 मध्ये अ‍ॅपल सुरू करताना स्टीव्ह जॉब्स आणि स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी 45-45 टक्के घेऊन उरलेले 10 टक्के तिसरे भागीदार रोनाल्ड वेनना दिले, ते दोघांत तिढा पडला तर सोडवायलाच. वेन 12 दिवसांत बाहेर पडले ही गोष्ट वेगळी.

माझं मत विचाराल तर, प्रॉडक्ट विकायचं काम तुम्हाला जमत असेल तर सध्या एकटेच राहा; मित्राला तीन महिने मोबदल्यावर घ्या, मग बघा. मी वकील नाही, करार जाणकाराकडूनच करून घ्या.

हो, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कंपनीच्या ईमेलवर घ्या. आमचं अजून त्याच्या खासगी ईमेलवर आहे, दर वर्षी मुदत संपत आली की मीच त्याला मेसेज टाकतो, "अरे, तेवढं रिन्यू कर ना."