जुन्या घराचा गंजलेला लोखंडी कठडा काढून 'रॉट आयर्न'चा नवा बसवावा का?

प्रश्न थोडक्यात असा: पणजीत फोंतेन्हासला जुनं घर, वरच्या मजल्याच्या बाल्कनीला नक्षीदार लोखंडी कठडा. तळाशी गंजून पापुद्रे सुटतायत. फॅब्रिकेटर म्हणतो, "हा भंगारात द्या, असाच रॉट आयर्नचा नवा करून देतो."

देऊ नका. निदान तो कशाचा आहे हे कळेपर्यंत तरी नको. आज बाजारात 'रॉट आयर्न' म्हणून जे विकतात ते जवळजवळ नेहमीच साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील असतं: चौकोनी गज, पट्ट्या आणि तयार मिळणारी पानंफुलं वेल्डिंगने जोडलेली. खरं रॉट आयर्न, म्हणजे घडीव लोखंड, मोठ्या प्रमाणावर बनवणारी इंग्लंडमधल्या बोल्टनची शेवटची भट्टी १९७०च्या दशकात बंद पडली. तुमचा कठडा घडीव असेल तर 'असाच नवा' मिळण्याचा प्रश्नच नाही.

जुन्या कठड्यात दोन धातू सापडतात. घडीव लोखंडात कार्बन ०.१ टक्क्याहूनही कमी आणि आत धातुमळीचे (स्लॅगचे) बारीक धागे, म्हणून ते तापवून हवं तसं वळतं आणि मार बसला तर वाकतं. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, कार्बन २ ते ४ टक्के. ते साच्यात ओततात, त्यामुळे नक्षी कितीही नाजूक निघते, पण हातोडा बसला की तडकतं. ओळखायचं सांध्यांवरून. गजातून गज आरपार ओवलेला, रिव्हेट मारलेले, तापवून आवळलेली पट्टी (कॉलर), दोन वेलबुट्ट्यांत उन्नीसबीस फरक, तर घडीव. प्रत्येक फूल तंतोतंत सारखं आणि कडेला साच्याची पुसट शिवण, तर बीड. वेल्डिंगचे मणी दिसले तर तो भाग अलीकडचा. तरी शंका राहिली तर मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी ग्राइंडर क्षणभर टेकवा. घडीव लोखंडाच्या ठिणग्या लांब, गवती पिवळ्या, फारसे फाटे न फुटणाऱ्या. स्टीलच्या पांढुरक्या आणि फाटेवाल्या. बिडाच्या आखूड, लालसर. बऱ्याच कठड्यांत गज घडीव आणि मधली फुलं बिडाची असतात, तेव्हा एकाच जागी तपासून निकाल देऊ नका.

पापुद्र्यांनी घाबरायचं कारण नाही. घडीव लोखंड गंजतं तेव्हा लाकडाच्या ढलप्यांसारखे थर सुटतात, आणि गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो. म्हणून नुकसान असतं त्यापेक्षा भयंकर दिसतं. हलक्या हातोडीने ठोकून, खरवडून आत उरलेला गज व्हर्निअरने मोजा. १६ मिमीचा १३ उरला असेल तर तो सहज टिकेल. एक तृतीयांश जाडी गेली असेल तिथे फक्त तेवढा तुकडा बदला.

खरं दुखणं गजाच्या पायाशी असतं. चिरा (जांभा दगड) पाणी पितो, त्यात रोवलेला गज आतून फुगतो आणि चिरा किंवा वरची दगडी पट्टी तडकते. मग कोणीतरी भोवती सिमेंटचा उंचवटा करतो. सिमेंट आकसतं, गजाभोवती केसाएवढी फट पडते आणि तिथे पावसाळाभर पाणी साचतं. ते सिमेंट फोडून काढा. भोक साफ आणि खडखडीत कोरडं करा, गजाला इपॉक्सी प्रायमर लावा, मग न आकसणारं ग्राउट (भोक भरायचं तयार मिश्रण) भरून वर बाहेरच्या बाजूला उतार द्या आणि कडेने पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट फिरवा. पूर्वी इथे शिसं ओतत. पद्धत उत्तम आहे, पण भोकात थेंबभर ओल राहिली तर वाफ होऊन वितळलेलं शिसं तोंडावर उडतं. ज्याला सवय नाही त्याने करू नये.

जोडकामात घडीव गजाला एमएसचा तुकडा चालतो. दोन्ही टोकांना व्ही आकाराची खोल खाच घ्या, ७०१८ नंबरची वेल्डिंग रॉड वापरा, थांबत थांबत वेल्ड करा. वरवर मणी ओढला तर फक्त बाहेरचा थर जुळतो आणि नंतर तोच सालासारखा निघतो. बिडाला साधी रॉड लावली तर थंड होताना वेल्डच्या शेजारी नवा तडा जातो. निकेल रॉड, आधी तापवणं, नंतर राखेत हळू गार करणं, हे सगळं जमणार असेल तर करा. मी मात्र मागून पट्टी लावून बोल्ट मारणं पसंत करेन, कारण ते चुकलं तर उलटवता येतं. बोल्ट स्टेनलेसचे असतील तर मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच, नाहीतर खारट ओलीत शेजारचं लोखंड आधी खाल्लं जातं.

आता रंग. गोव्यात बहुतेक कठडे इथेच मार खातात. जुन्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून कोरडं ग्राइंडिंग नको. रंग काढायचं रसायन किंवा ओलं घासकाम, चांगला मास्क, आणि पोरांना लांब ठेवा. घासण्याआधी आणि घासल्यानंतरही गोड्या पाण्याने भरपूर धुवा. खाऱ्या वाऱ्याचं मीठ गंजाच्या खड्ड्यांत बसलेलं असतं. ते रंगाखाली राहिलं की ओल ओढतं आणि वर्षभरात फोड येतात, मग रंग कितीही महागडा असो. काम नोव्हेंबर ते मे दरम्यान, दव सुकल्यावर. हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल त्या दिवशी सुट्टी. धुऊन, सुकवून शेवटचा ब्रश मारला की चार तासांत प्रायमर.

हाताने घासलेल्या लोखंडाला झिंक फॉस्फेट इपॉक्सी प्रायमर ७५ मायक्रॉन, त्यावर इपॉक्सीचा जाड हात १०० ते १२५, शेवटी पीयू ५०. इपॉक्सी उन्हात भुकटी सोडतं, म्हणून वरचा पीयू टाळू नका. दुकानदार झिंक रिच (भरपूर जस्ताचा) प्रायमर पुढे करेल. तो सँडब्लास्ट केलेल्या, म्हणजे वाळूच्या माऱ्याने साफ केलेल्या धातूवरच काम करतो. जुना इनॅमल (ऑइल पेंट) कुठे शिल्लक राहिला तर त्यावरचं इपॉक्सी त्याला सुरकुत्या पाडून उचलतं. प्रत्येक हाताआधी कडा, रिव्हेट आणि कॉलरच्या खाचा बारीक ब्रशने वेगळ्या रंगवा. कडेवर रंग पातळ बसतो आणि गंज तिथूनच घुसतो. दहा फुटी कठड्याला प्रत्येक हाताला लिटरभर मिश्रण पुरतं. एकदा मिसळलं की काही तासांत घट्ट होतं, म्हणून लागेल तेवढंच मिसळा. नुसता रेड ऑक्साइड आणि वर इनॅमल म्हणजे समुद्राजवळ एकदोन पावसाळ्यांची सोय.

तपासल्यावर खरंच नवाच करावा लागला, तर दहा फूट लांब, मीटरभर उंच, १२ मिमी चौकोनी भरीव गज आणि १०० मिमी फट धरली तर साधारण २६ गज लागतात. वरखाली ४० बाय ८ ची पट्टी धरून वजन ४५ किलोच्या आसपास, नक्षी वेगळी. भाव किलोवर ठरतो, त्यामुळे पोकळ पाइप आणि पत्र्याची पानं पुढे केली जातात. पाइप आतून गंजतो, पान दोन वर्षांत झडतं. सांधे चारही बाजूंनी पूर्ण वेल्ड मागा, ठिपके नकोत. सगळं जोडकाम झाल्यावरच गॅल्व्हनाइज करून घ्या, म्हणजे वितळलेल्या झिंकमध्ये (जस्तात) बुडवून; ते ४५० अंशांवर असतं, त्यात बंद पोकळी फुटू शकते, म्हणून भोकं ठेवावी लागतात. त्यानंतर कोणी वेल्डिंग केलं तर तेवढी जागा उघडी पडली म्हणून समजा.

फोंतेन्हास संवर्धन क्षेत्रात मोडतं, त्यामुळे दर्शनी कठडा बदलण्याआधी परवानगीची चौकशी करा. कठडा खाली उतरवणार असाल तर आधी फोटो काढा आणि प्रत्येक तुकड्याला पत्र्याचा नंबर तारेने बांधा. खडूने लिहिलेले आकडे पहिल्या धुण्यातच जातात.