ओस्लोब, सेबू: व्हेल शार्कच्या पलीकडचं गाव, त्याचा कारभार आणि तिथे जावं का

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "ओस्लोबचे सगळे व्हिडिओ व्हेल शार्कचेच दिसतात. ते गाव मुळात आहे कसं, लोक कशावर जगतात, कारभार कोण बघतं आणि तिथे जावं की नाही?" जावं की नाही हे आधीच्या तीन गोष्टी कळल्याशिवाय नीट ठरवता येत नाही, म्हणून ते शेवटी घेतो.

सेबू हे फिलिपिन्समधलं उत्तर-दक्षिण पसरलेलं लांबट, चिंचोळं बेट आहे. त्याच्या आग्नेय टोकाजवळ, सेबू शहरापासून सुमारे 120 किलोमीटरवर ओस्लोब लागतं. उत्तरेला बोल्होऑन, दक्षिणेला सान्तान्देर, मागे डोंगर आणि समोर समुद्र. क्षेत्रफळ सुमारे 135 चौरस किलोमीटर, लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत साधारण 29 हजार. इथली म्युनिसिपालिटी म्हणजे आपल्यासारखी शहरापुरती नगरपालिका नव्हे. मुख्य गाव, किनाऱ्यावरच्या वाड्या, डोंगरातली शेती हे सगळं मिळून एक म्युनिसिपालिटी होते. तिच्याखाली 21 बारांगाय आहेत. बारांगाय हा सर्वांत खालचा निवडून आलेला घटक, जवळपास आपल्या ग्रामपंचायतीइतका. चर्च, बाजार आणि नगरभवन असलेल्या मध्यवर्ती भागाला पोब्लासिओन म्हणतात. व्हेल शार्क हा प्रचंड मोठा मासा पर्यटकांना जिथे दाखवतात ते ठिकाण तिथे नाही, ते दहाएक किलोमीटर दक्षिणेला तान-आवान या बारांगायमध्ये आहे.

जमीन चुनखडीची, मातीचा थर पातळ. पाऊस पडतो तो खडकातून खाली मुरून जातो, त्यामुळे भातशेतीला वाव कमी. म्हणून सेबूच्या या भागात पिढ्यान्‌पिढ्या मका हेच मुख्य अन्न होतं. पांढरा मका दळून त्याच्या कण्या भातासारख्या शिजवतात आणि सोबत मासा. डोंगरउतारावर मका, केळी, भाज्या आणि किनाऱ्यालगत माड. माडाचं खोबरं वाळवून विकायचं, माडी काढायची. माडीला ते तुबा म्हणतात. खारफुटीच्या झाडाची साल घालून तिला लालसर रंग आणतात, त्याने ती लवकर आंबटही होत नाही. कोकणातल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटेल. फरक वादळाचा आहे. 16 डिसेंबर 2021 ला ओदेत हे महावादळ दक्षिण सेबूवरून गेलं आणि माडांच्या बागा आडव्या झाल्या. उंच जातीचा नवा माड धरायला पाच ते सात वर्षं लागतात. खोबऱ्यावर संसार चालवणाऱ्या घराला तेवढा काळ दुसरं काहीतरी शोधावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा समुद्रातच शोधलं जातं.

आता कारभार. दर तीन वर्षांनी मे महिन्यात निवडणूक होते. महापौर, उपमहापौर आणि गावच्या परिषदेचे आठ सदस्य लोकांनी थेट निवडलेले असतात. सलग तीन कार्यकाळ झाले की त्याच पदावर लगेच पुन्हा उभं राहता येत नाही. म्हणून अनेक गावांत महापौरपद पती, पत्नी, मुलगा असं एकाच घरात फिरताना दिसतं. प्रत्येक बारांगायला कप्तान आणि सात सदस्य असतात. शेजाऱ्यांचं भांडण, बांधाचा वाद, किरकोळ देणं-घेणं असलं काही थेट न्यायालयात नेता येत नाही. आधी बारांगायच्या तडजोड समितीसमोर जावं लागतं, तिथे मिटलं नाही तरच तिचा दाखला घेऊन पुढे.

पैसा बहुतांशी मनिलाहून येतो. तीन वर्षांपूर्वी वसूल झालेल्या राष्ट्रीय करांतले 40 टक्के स्थानिक संस्थांना द्यायचे, असं 1991 चा स्थानिक शासन कायदा सांगतो. त्यातले 34 टक्के म्युनिसिपालिट्यांच्या वाट्याला आणि 20 टक्के बारांगायांना. म्युनिसिपालिट्यांमध्ये पुढची वाटणी निम्मी लोकसंख्येवर, पाव भाग क्षेत्रफळावर आणि उरलेला पाव भाग समसमान. या निधीतले किमान 20 टक्के विकासकामांवर खर्चावे लागतात. उत्पन्नातले किमान 5 टक्के आपत्तीसाठी बाजूला ठेवावे लागतात आणि त्यातले 30 टक्के आपत्ती आल्यावर तातडीने वापरायला राखून. गणित मांडून पाहा: कमी वस्तीच्या, लहान गावाला यातून पगार भागतात, थोडे रस्ते होतात, फार काही उरत नाही. महावादळ आलं की राखीव रक्कम पहिल्या काही दिवसांतच संपते. म्हणून स्वतःचं उत्पन्न देणारी एखादी गोष्ट हाताला लागली, तर ती सोडणं कुठल्याही महापौराला जड जातं. व्हेल शार्कची सगळी गोष्ट इथून सुरू होते.

त्याआधी समुद्राचा हक्क समजून घ्यायला हवा, माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. महाराष्ट्रात किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्य सरकारच्या अखत्यारीत येते, ग्रामपंचायतीला तिथे काही ठरवता येत नाही. फिलिपिन्समध्ये किनाऱ्यापासून 15 किलोमीटरपर्यंतचं पाणी म्युनिसिपालिटीचं. मासेमारीचा परवाना, बंदीचा काळ, राखीव क्षेत्र, दंड हे सगळं गावची परिषद ठरावाने ठरवते. 1998 च्या मत्स्य कायद्यानुसार 3 टनांपेक्षा मोठ्या व्यापारी बोटींना या पट्ट्यात सहसा मज्जाव आहे, पहिला हक्क नोंदणी झालेल्या स्थानिक मच्छीमारांचा. समोरासमोर किनारे जवळ असतील तिथे मध्यरेषा धरतात. राखण करायला बांताय दागात नावाचं गस्ती पथक असतं, त्यात बहुतेक गावचेच मच्छीमार. त्यामुळे पकडलेला माणूस पुष्कळदा नात्यातला निघतो. दंडाच्या पावत्या कमी का फाटतात याचं मुख्य कारण हेच.

हा हक्क किती जड आहे ते ओस्लोबच्याच सुमिलोन बेटाने दाखवलं. 24 हेक्टरचं हे बेट. शेजारच्या नेग्रोस बेटावरच्या दुमागेते शहरातल्या सिलिमान विद्यापीठाच्या पुढाकाराने 1974 मध्ये तिथे देशातलं पहिलं सागरी राखीव क्षेत्र झालं. बेटाभोवतीच्या प्रवाळाचा साधारण पाव भाग मासेमारीला बंद ठेवला. बंद भागात मासे वाढले आणि उरलेल्या खुल्या भागातही भरपूर मिळू लागले. मग गावचं राजकारण बदललं आणि 1984 मध्ये राखण मोडली. राखीव भागात जाळी आली, सुरुंगही आले. जीवशास्त्रज्ञ आन्हेल अल्काला आणि गॅरी रस यांनी आधीचे आणि नंतरचे आकडे मांडले. 1983-84 मध्ये दर चौरस किलोमीटरमागे वर्षाला सुमारे 37 टन मासे मिळत होते, 1985-86 मध्ये ते 20 टनांवर आले. मासेमारीला जागा जास्त मिळाली आणि मासा मात्र जवळजवळ निम्मा झाला. सागरी संवर्धनाच्या अभ्यासात हे उदाहरण आजही दिलं जातं. नंतर राखण पुन्हा सुरू झाली, आज सुमिलोनला रिसॉर्ट आहे आणि डायव्हिंगला लोक जातात.

आता व्हेल शार्क. फिलिपिन्समध्ये त्याला बुतांदिंग म्हणतात. 1998 पासून त्याला पकडणं, मारणं बेकायदा आहे. तान-आवानचे मच्छीमार उयाप नावाची बारीक कोळंबी वापरत, आपल्याकडच्या जवळ्यासारखी. तिच्या मागे व्हेल शार्क येत. 2011 च्या शेवटी ही कोळंबी टाकून त्यांना किनाऱ्याजवळ आणायचं आणि पर्यटकांना दाखवायचं सुरू झालं. काही महिन्यांतच रांगा लागल्या, परिषदेने नियम केले. सकाळी 6 ते दुपारपर्यंत खेळ चालतो. नोंदणी, शुल्क, पाच-दहा मिनिटांची सूचना, मग वल्ह्याच्या होडीतून किनाऱ्यापासून थोडंसं आत. पाण्यात 30 मिनिटं. किमान 4 मीटर अंतर, सनस्क्रीन नाही, फ्लॅश नाही, स्पर्श नाही. जमा रकमेतले 60 टक्के मच्छीमार संघटनेला, 30 टक्के म्युनिसिपालिटीला, 10 टक्के बारांगायला. एका अभ्यासाप्रमाणे 2012 ते 2016 या पाच वर्षांत साडेसात लाखांच्या आसपास माणसं आली आणि तिकिटांचे सुमारे 1 कोटी 84 लाख डॉलर जमले. घरं पक्की झाली, मुलं कॉलेजात गेली, राखीव क्षेत्रांच्या गस्तीलाही पैसा मिळाला. हे खरं आहे आणि ते हलक्यात घेऊ नये.

बिघडतं काय, तेही तितकंच खरं आहे. व्हेल शार्क हा लांब भटकंती करणारा मासा, एका जागी थांबणारा नव्हे. इथे येणारे बहुतेक नर आणि अजून पूर्ण वाढ न झालेले असतात. रोज आयतं अन्न मिळत असल्याने त्यांतले काही महिनोन्‌महिने इथेच थांबतात. होडीजवळ तोंड वर करून उभं राहायची सवय लागते. होडी म्हणजे अन्न हे एकदा डोक्यात बसलं की मासा दुसरीकडे इंजिनच्या बोटीजवळही जातो, आणि पंख्याने जखमा होतात. 4 मीटरचा नियम कागदावर चांगला आहे. पण एवढ्याशा जागेत इतक्या होड्या आणि इतकी माणसं असताना तो पाळला जात नाही, हे संशोधकांनी वारंवार नोंदवलंय. या भागातल्या प्रवाळाची अवस्था शेजारच्या भागापेक्षा वाईट असल्याचंही आढळलंय. समोरच्या बोहोल प्रांताच्या गव्हर्नरनी जानेवारी 2025 मध्ये तिथल्या गावांमधली अशी पर्यटन-केंद्रं बंद करायला लावली. ओस्लोबमध्ये चालू आहे. वर दिलेलं पैशांचं गणित पाहिलं की का चालू आहे ते कळतं. माझ्या मते उपाय एका दिवसात बंद करणं हा नाही. कोळंबीचं प्रमाण आणि रोजची माणसं दरवर्षी कमी करत नेणं आणि सुमिलोनसारख्या राखीव जागांच्या शुल्कातून मच्छीमारांना तेवढाच वाटा देणं, हा रस्ता परिषदेच्या हातात आजही आहे.

तर जावं का? ओस्लोबला जा, तान-आवानला पाण्यात उतरू नका. व्हेल शार्क पाहायचाच असेल तर लुझोन या उत्तरेकडच्या बेटाच्या दक्षिण टोकाकडे दोन्सोलला जा. तिथे खायला घालत नाहीत, एका माशाजवळ एकच बोट आणि हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. एखाद्या दिवशी दिसणार नाही ही तयारी ठेवा.

ओस्लोबमध्ये पाहण्यासारखं पोब्लासिओनमधलं प्रवाळदगडाचं चर्च. 1830 मध्ये काम सुरू झालं, 1848 ला संपलं. 1942, 1955 आणि 2008 अशा तीन आगींतून ते उभं आहे. शेजारी कुआर्तेल, म्हणजे स्पॅनिश सैनिकांसाठी बांधायला घेतलेली बराक. अमेरिकन आले आणि ती अर्धवटच राहिली, छत कधी चढलंच नाही. तान-आवानजवळचा तुमालोग धबधबा पडद्यासारखा पसरून पडतो, पण कोरड्या महिन्यांत पाणी बारीक होतं. तिथला उतार भयंकर आहे. आपली गाडी नेण्यापेक्षा हाबाल-हाबाल म्हणजे भाड्याची मोटरसायकल घ्या, चढताना तर नक्कीच.

पोहोचायला सेबू शहराच्या दक्षिण बस टर्मिनलवरून बस, साधारण चार तास. इथे हमखास चूक होते. "बातो" (बेटाच्या दक्षिण टोकाजवळचा शेवटचा थांबा) पाटीच्या बस दोन वाटांनी जातात. "ओस्लोबमार्गे" लिहिलेलीच घ्या, "बारिलीमार्गे" गेलात तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्याने जाल आणि ओस्लोब लागणारच नाही. रोख पेसो शहरातूनच न्या. हा पूर्व किनारा आहे, म्हणून नोव्हेंबरनंतरच्या ईशान्य वाऱ्यात समुद्र खवळतो. जून ते ऑक्टोबरच्या नैऋत्य वाऱ्यात डोंगराचा आडोसा मिळतो, पण वादळाचा इशारा आला की लहान बोटी बंद. सुमिलोनचा बेत असेल तर एक दिवस हाताशी जादा ठेवा.

शाकाहारी असाल तर उतान बिसाया ही पातळ भाजी मागा. शेवग्याचा पाला, भोपळा, भेंडी, वांगं घालतात. पण तिच्यात खारवलेल्या माशाचं गिनामोस सर्रास पडतं, त्यामुळे "गिनामोस नको, मासा नको" हे भाजी शिजायच्या आधी सांगा. जून 2025 पासून भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी 14 दिवस व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं. पुढे दुमागेतेला जायचं असेल तर सेबूला परत येऊ नका. सान्तान्देरच्या लिलोआन धक्क्यावरून दुमागेतेजवळच्या सिबुलानची बोट अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचवते.