शनिवारचा चित्रपट आणि दहावीतली मुलगी

“मुलगी हल्ली आमच्यात बसत नाही, खोलीचे दार लावून घेते, आमचे काही चुकते आहे का?” असे विचारणारे आईवडील माझ्याकडे वरचेवर येतात. इंदूरच्या राजेंद्रनगर भागातील एका मराठी कुटुंबाचा अनुभव त्यांच्यासाठी लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

या घरात शनिवारी रात्रीची जेवणे उरकली की सगळ्यांनी मिळून एक जुना चित्रपट पाहायचा, ही प्रथा व्हीसीआर भाड्याने आणण्याच्या दिवसांपासून चालत आलेली होती. दहावीत गेल्यावर मुलगी आधी उशिरा येऊ लागली, मग अभ्यासाचे कारण सांगू लागली आणि शेवटी तिने येणेच बंद केले. वडिलांना तो घराचा, आणि मनातून स्वतःचाही, अपमान वाटला. आईला मुलगी हातची गेल्याची धास्ती होती.

मुलीशी मी एकटीशी बोलले. “तू का बसत नाहीस?” असे विचारले तर या वयाची मुले खांदे उडवतात, म्हणून शेवटचा शनिवार कसा गेला ते तिला क्रमाने सांगायला सांगितले. त्या रात्री प्रभातचा १९३७ सालचा ‘कुंकू’ लावला होता. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते, ही गोष्ट तिला मनापासून आवडू लागली होती. व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत वापरले नाही, प्रसंगातलेच आवाज ऐकू येतात; पण हे मुलीच्या लक्षात यावे म्हणून वडिलांनी रिमोटने चित्रपट इतक्यांदा थांबवला, की ते आवाज धडपणे कोणालाच ऐकू आले नाहीत. “मला नीरा कशी भांडते ते बघायचं होतं आणि बाबा त्यातल्या घड्याळाचा अर्थ सांगत होते,” ती म्हणाली. मध्यंतरात शेव-परमलच्या वाट्या आल्या आणि त्यांच्याबरोबर चाचणीच्या गुणांचा विषयही आला, कारण आठवडाभरात ती समोर सापडण्याची तेवढीच वेळ होती.

म्हणजे कंटाळा जुन्या चित्रपटांचा नव्हता. चित्रपट कोणता लावायचा, तो कधी थांबवायचा आणि त्यातून काय घ्यायचे, हे सगळे एकच माणूस ठरवत होता. अशा बैठकीत मुलीला विद्यार्थिनीखेरीज दुसरी जागाच उरली नव्हती, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी स्वतःचे मत घडत असताना मूल अशा जागेवरून उठणारच. त्याला मी तरी दुरावा म्हणणार नाही.

चित्रपट सुरू असताना भाष्य करायचे नाही, गुणांचा विषय शनिवारी काढायचा नाही, निवडीची पाळी आजीसकट सगळ्यांना द्यायची आणि मध्यंतरात उठून जाण्याची मोकळीक सर्वांनाच ठेवायची, एवढेच मी सुचवले. शेवटची सूचना वडिलांना मुळीच रुचली नाही, “मग प्रथा कसली राहिली?” असे त्यांनी विचारले. मुलीने तिच्या पाळीला एक कोरियन चित्रपट लावला, तेव्हा मध्यंतरात उठून गेले ते मात्र तेच. ती आता महिन्यातून एखाद-दोन शनिवारी बसते. वडिलांना हे अजून कमीच वाटते, मला पुरेसे वाटते.

मात्र मूल केवळ घरच्या बैठकीतूनच नव्हे, तर मित्रमैत्रिणी, खेळ आणि आवडीच्या गोष्टींतूनही अंग काढून घेत असेल, झोप आणि भूक बदलली असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले असेल, तर प्रथेचा विचार बाजूला ठेवून तज्ज्ञांना भेटावे. जगणे नकोसे झाल्याचे बोल कानावर आले, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.