‘स्टीप’ सुरू करणाऱ्यास चार शब्द

‘स्टीप’ हा युबिसॉफ्ट कंपनीचा २०१६ चा व्हिडिओ गेम तुम्ही स्नोबोर्डिंगसाठी, म्हणजे फळीवर उभे राहून बर्फाळ उतारावरून घसरण्यासाठी, घेत असाल, तर त्याचे खरे बळ गुणतक्त्यात नसून डोंगरात आहे, हे आधीच ध्यानात घ्यावे. आल्प्सचा विस्तीर्ण प्रदेश त्यात मोकळा सोडलेला आहे; दुर्बिणीतून दूरची उतरंड हेरावी, नकाशावरून हेरलेल्या ठिकाणी जावे आणि आपली वाट आपणच आखावी, हा आनंद इतर खेळांत क्वचितच मिळतो.

नवख्यांची चूक बहुधा उडीत होते. कंट्रोलरचा उजवा ट्रिगर (मागच्या बाजूचे बटण) दाबून धरायचा आणि उंचवट्याच्या अगदी कडेला सोडायचा असतो. गिरकीची दिशाही त्याच क्षणी डाव्या स्टिकने (अंगठ्याने फिरवायच्या दांडीने) ठरवावी लागते, त्यामुळे हवेत गेल्यावर सुचलेले शहाणपण फारसे कामी येत नाही. उतारालगत न उतरता सपाटीवर आदळलात, तर जी-फोर्सचा, म्हणजे आदळण्याने शरीरावर येणाऱ्या जोराचा, मारा बसून खेळाडू कोसळतो. अर्थात पडण्याचेही गुण देणारी आव्हाने येथे आहेत, ही निर्मात्यांची खोडी मला फार आवडते.

उणिवाही आहेत. खेळास अखंड इंटरनेट लागते, चढावर पायी चालणे कंटाळवाणे होते, आणि डोंगरांना वाचा देणारी कथानके मला ओढूनताणून आणलेली वाटतात. म्हणून ती बाजूला ठेवून पहिले काही तास नुसते मोकळे घसरावे, आणि पडलात की लगेच पुन्हा आरंभाचे बटण दाबून तीच उडी परत घ्यावी.