झूल धुतली आणि गळायला लागली

माळ्यावरच्या झुली खाली उतरायला लागल्या की मला ते टपालावरून कळतं. थंडी-पावसात घोड्यांच्या अंगावर घालायच्या झुली मी धुते, शिवते, उसवलेल्या पुन्हा उभ्या करते. बावीस वर्षं झाली. या खेपेला सहा प्रश्न घेतलेत. पहिल्यावर जरा जास्त बोलले आहे, कारण निम्म्याहून अधिक पत्रांत रडगाणं तेच आहे.

काकू, माझ्या कुमैत घोडीची झूल तीन हिवाळे छान टिकली. यंदा मुद्दाम लवकर काढून घरच्या मशीनमध्ये दोनदा धुतली. चांगली पावडर घातली, वास जावा म्हणून कपडे मऊ करायचं सुगंधी लिक्विडही घातलं. आता पाऊस पडला की वरचं कापड चिंब होतं आणि आत हात घातला तर घोडीही दमट लागते. झूल बाद झाली का?

बाद झाली नसावी. तुम्ही तिला साबणात मुरवून ठेवलीत, एवढंच.

झुलीत पाणी अडवणाऱ्या गोष्टी दोन असतात आणि आपण त्यांना एकच समजतो. इथंच घोडं पेंड खातं. बाहेरचं नायलॉन किंवा पॉलिएस्टर स्वतः पाणी रोखत नाही. त्याच्या आतल्या अंगाला पॉलियुरेथेनचा पातळ लेप किंवा पडदा असतो, खरा बांध तो. बाहेरच्या धाग्यांवर वेगळं औषध मारलेलं असतं, त्याने पाण्याचे थेंब होऊन ओघळून जातात. हे औषध उतरलं किंवा झाकलं गेलं की वरचं कापड पाणी पितं. आतला लेप शाबूत असतो, पाणी आत येतच नाही. पण ओल्या कापडातून घोडीच्या अंगाची वाफ बाहेर पडू शकत नाही, ती आतल्या गार अस्तरावर जमते. तुम्ही हात घालता, हाताला ओल लागते आणि तुम्ही म्हणता गळतेय. बहुतेक वेळा ते घोडीचं स्वतःचंच पाणी असतं.

साबणाचं कामच मुळी पाणी कापडात शिरवण्याचं. तो धाग्यात राहिला की पुढचा पाऊसही तो इमानदारीने आत ओढतो. ते सुगंधी लिक्विड तर धाग्यावर मऊ थर सोडून जातं, थेंब बसायला जागाच उरत नाही. म्हणून आता आणखी काही लावायच्या आधी लावलेलं काढा.

झूल कुंपणावर टाका आणि गार पाण्याच्या साध्या नळीने, वरून खाली, कंटाळा येईपर्यंत धुवा. मग टबमध्ये स्वच्छ पाण्यात बुडवून हाताने जोरात ढवळा. फेस आला तर साबण अजून आहे. फेस येणं थांबेपर्यंत पाणी बदलायचं; मला एकदा नऊ पाणी लागली होती. मग सावलीत वाळू द्या. एक दिवस बाहेरची बाजू वर, एक दिवस अस्तर वर, आणि जाड भराव असेल तर आणखी एक-दोन दिवस. उन्हात टाकू नका, उन्हाने नायलॉन कुजतं. पूर्ण वाळली की ओंजळभर पाणी शिंपडा. थेंब होऊन घरंगळले तर विषय संपला, फवाऱ्याची गरजच नाही. माझ्याकडे 'वॉटरप्रूफ करून द्या' म्हणून आलेल्या कितीतरी झुली मी नुसत्या खळबळून परत दिल्यात.

थेंब पसरून काळा डाग पडला तरच औषध लावा. पाण्यात मिसळलेली जी औषधं मिळतात ती बहुतेक ओलसर झुलीवर मारायची असतात, सिलिकोनची काही कोरडीवर. डब्यावर लिहिलेलं असतं, ते वाचा. वीतभर अंतरावरून फवारा, पाठीची मधली शिवण आणि खांदे दोनदा घ्या, साचलेलं औषध फडक्याने टिपा. मशीनमध्ये पाण्यात टाकायची औषधं मी भरावाच्या झुलीला वापरत नाही. ती अस्तरालाही लागतात, आणि घाम टिपून घ्यायचं अस्तराचं काम बिघडतं. हल्लीच्या डब्यांवर 'पीएफएएस-मुक्त' लिहिलेलं दिसेल. पीएफएएस म्हणजे जुन्या औषधांतली फ्लोरिनची रसायनं, ती निसर्गात वर्षानुवर्षं मोडत नाहीत. त्यातलं पीएफओए तर 2019 मध्ये घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या बंदीच्या यादीत गेलं. नवी औषधं पाणी चांगलं झटकतात, तेलकटपणा मात्र नाही. म्हणून घोड्याचा अंगमळ लागलेल्या झुलीवर ती मारणं म्हणजे चिखलावर रंग देणं.

आणि घरच्या मशीनचं म्हणाल तर, जड भरावाची झूल कोरडी असतानाच चार-पाच किलो भरते. ओली झाल्यावर ती सात किलोच्या ड्रममध्ये फिरत नाही, नुसती आपटते. पातळ झूल टाकायचीच असेल तर आधी कोरडी झटका, केस काढा, बकलं जुन्या मोज्यात बांधा, पाणी तीस अंशांच्या वर नको, खास झुलीसाठीचा किंवा एन्झाइम नसलेला साबण, तोही थोडा. ड्रायर अजिबात नाही. पहिल्याच वर्षी मी एका अबलख घोड्याची नवीकोरी झूल ड्रायरमध्ये टाकली होती. बाहेर आली तेव्हा आतला लेप जुन्या भिंतीच्या रंगासारखा पोपडे धरून सुटला होता. नवी झूल घेऊन द्यावी लागली. ती पोपड्याची झूल मी अजून टाकलेली नाही, खुंटीवरच आहे.

प्रेशर वॉशरने पाच मिनिटांत स्वच्छ होते. चालेल का?

नाही. लीद निघते तशी शिवणीतली लेपाची पट्टीही निघते आणि उरलेला मळ भरावात जाऊन बसतो. पाच मिनिटांत स्वच्छ होते हे मात्र खरं आहे.

आजोबांच्या वेळची कॅनव्हासची झूल सापडली, आतून लोकरीचं अस्तर. कडक झालीय आणि बुरशीचे ठिपके आहेत. हिला वॉटरप्रूफ कसं करायचं?

तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. अशा झुली हल्ली हातात येत नाहीत.

कॅनव्हासचा न्याय निराळा. सुती धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं स्वतःच बंद करतो. शिवणीतला सुती दोराही तसाच फुगतो. म्हणून जुन्या झुली पहिल्या पावसात थोड्या झिरपायच्या आणि मग बसायच्या. त्यावर मेणाचा हात असायचा. तुमच्या झुलीचा कडकपणा बहुधा त्या जुन्या मेणाचाच.

साबण लावू नका, कुठलाही. ठिपके आधी पूर्ण सुकवा आणि मोकळ्या हवेत, नाकाला फडकं बांधून, कोरड्या ब्रशने झाडा. मग गार पाणी आणि स्पंज. काळे डाग जाणार नाहीत, नाही गेले तरी काही बिघडत नाही. पाहायचं ते हे, की डागाच्या जागी कापड दोन्ही हातांनी ओढलं तर टिकतं का. कागदासारखं फाटलं तर बुरशीने धागा खाल्लाय, मग ती झूल भिंतीवर शोभेल, घोड्यावर नाही.

टिकलं तर मेण लावा. पॅराफिन आणि मधमाशांचं मेण मिसळलेल्या वड्या कॅनव्हाससाठी मिळतात. कापडावर वडी घासायची, केस वाळवायच्या यंत्राने ऊब द्यायची, मेण धाग्यात विरघळताना डोळ्यांना दिसतं. पातळ दोन हात द्या. जाड एका हाताने ती पुन्हा पत्र्यासारखी होईल. अस्तर गरम पाण्यापासून आणि चोळण्यापासून जपा, लोकर आटून गोळा होते. घामट लोकरीत कसर हमखास लागते, म्हणून शिवणींत बारीक जाळ्या दिसतात का तेही पाहा. एक सांगून ठेवते. मेणाच्या झुलीतून वाफ जवळजवळ जात नाही. चालत्या-फिरत्या घोड्याला ती दिवसभर ठेवू नका.

झूल गळतेय की घोडा घामेजलाय, हे कसं ओळखायचं?

ओल कुठे आहे ते पाहा. पाठीच्या मधल्या रेषेवर, खांद्याच्या पुढच्या टोकाला, पट्टे शिवलेत तिथे ठिगळाठिगळाने ओल असेल तर पाणी बाहेरचं. कोपरामागे, बरगड्यांवर, जांघेत सारखी दमट असेल तर घाम. छातीपाशीच ओलं असेल तर गळा सैल आहे, मानेवरून पाणी आत उतरतंय. त्याला कुठलाही फवारा पुरायचा नाही, बकल एक घर आत घ्या.

खात्री करायची तर झूल दोन दांड्यांवर झोळीसारखी टांगा, बाहेरची बाजू वर. खोलगट भागात तांब्याभर पाणी ओता, पंधरा मिनिटांनी खालून पांढरं कोरडं फडकं दाबा. भरावाच्या झुलीत घाई करू नका, भराव आधी पाणी पितो आणि मग कबूल करतो. तासभर थांबा. फडकं सगळीकडे ओलं झालं आणि आतला लेप चिकट किंवा भुकटी-भुकटी लागला, तर पॉलियुरेथेनच तुटलंय. दमट, उबदार जागी वर्षानुवर्षं ठेवल्याने ते असं तुटतं आणि घोड्याच्या मुतानेही. त्यावर इलाज नाही. तबेल्यात, छपराखाली वापरा.

आणि घामच असेल तर झूल पातळ करा किंवा काढा. निरोगी, केस न कापलेला, कोरडा आणि वाऱ्याच्या आडोशाला असलेला घोडा साधारण पाच अंशांपर्यंत मजेत असतो, गारठ्याची सवय झालेला त्याखालीही. आपल्याला हुडहुडी भरली म्हणून त्याच्यावर 300 ग्रॅमचा (चौरस मीटरला) भराव चढवायचा, हे मी फार पाहते. कान गार लागले म्हणून ठरवू नका. झुलीखाली खांद्यामागे हात घाला आणि तिथे काय लागतं ते पाहा. (डेनिअरचा मोठा आकडाही अनेकांना ऊब वाटते. 1200 डेनिअर म्हणजे त्या धाग्याचे 9000 मीटर 1200 ग्रॅम भरतात. कापड दणकट आहे एवढाच त्याचा अर्थ. ना ऊब, ना पाण्याची हमी.)

माझ्या एका घोडीला गजकर्ण झालं होतं, आता बरी आहे. तिची झूल धुऊन दुसरीला घालू का?

घालू नका, आणि धुवायला कुणाकडे देणार असाल तर आधी तोंडाने सांगा. एकदा एकाने न सांगता अशी झूल माझ्याकडे पाठवली. महिनाभर दोन्ही हातांवर कोपरापर्यंत चकत्या घेऊन फिरले, आणि दुकानातल्या दुसऱ्या झुलींची काळजी ती वेगळीच.

ही बुरशी आहे आणि ती माणसालाही लागते. तिचे बीजाणू कापडावर, चामड्यावर, लाकडावर कित्येक महिने जिवंत राहतात. साध्या थंड धुण्याने ते मरतील याचा भरवसा धरू नका. ब्लीचने मरतीलही, पण बाहेरचं औषध आणि आतला लेप सोबत घेऊन जातील. बुरशीवर चालणारं जंतुनाशक कोणतं आणि किती वेळ भिजवायचं, हे तुमच्या पशुवैद्यांना विचारा. तोवर झूल पिशवीत बांधून वेगळी ठेवा आणि हातमोजे घाला. तंग (खोगिराचा पोटपट्टा), खोगिराखालचं कापड आणि खराऱ्याचे ब्रश विसरू नका. झूल जपायची आणि ब्रश सगळ्यांना एकच फिरवायचा, हे नेहमी घडतं. झूल जुनीच असेल तर मी म्हणेन टाकून द्या.

उंदरांनी झुलीला मागे, घोड्याच्या पुठ्ठ्यावर येते तिथे, तळहाताएवढं भोक पाडलंय आणि थंडी तोंडावर आली. धुऊन, शिवून, फवारून सगळं करायला एकच रविवार आहे. काय आधी करू?

शिवण आधी, फवारा शेवटी. उलटं केलंत तर औषधावर गोंद धरणार नाही. एका रविवारात अख्खी झूल धुऊन वाळायचीही नाही, तो नाद सोडा.

शनिवारी रात्रीच कोरड्या ब्रशने झाडा आणि भोकाभोवतालची जागा तेवढी ओल्या फडक्याने पुसून वाळत ठेवा. सकाळी ती स्पिरिटने पुसा. कुरतडलेला भराव काढून टाका, त्यात उंदराची घाण असते. जागी नवा पॉलिएस्टरचा भराव थोडासा, ठासून नको. ठिगळ चारी बाजूंनी तीन बोटं मोठं कापा आणि त्याचे कोपरे गोल करा. चौकोनी कोपरा घोडा पहिल्याच लोळण्यात उचकटतो. गोंद लावा, दाबून ठेवा, मग कडेने शिवा. इथे दोरा पॉलिएस्टरचा, सुती नको, तो या कापडात आधी कुजतो. दाभण तर मुळीच नको. जाड सुईचं प्रत्येक भोक म्हणजे एक नळ. टाक्यांवर शिवण-सीलंटचे दोन पातळ हात द्या, मधे वाळू द्या. संध्याकाळी ठिगळ, पाठीची शिवण आणि खांदे एवढ्याच जागा, त्याही पुसून घेतलेल्या, फवारा. बाकीची झूल पुढच्या कोरड्या आठवड्यात.

झाडताना लीद ओली असेल तर हात लावू नका. रात्रभर टांगून ठेवा, वाळली की नुसत्या झटक्याने पडते. ओलीवर ब्रश मारला तर ती टाक्यांत जाऊन बसते.