जुन्या दगडी महाविद्यालयाचे आतून निसर्गस्नेही नूतनीकरण करताना सुरुवात कुठून करावी?

आपल्या प्रश्नाचा आशय असा : सांगलीत नदीपासून फार दूर नसलेली, शंभरी ओलांडलेली आपल्या महाविद्यालयाची दगडी, कौलारू इमारत आतून नवी करायची आहे, सजावटकाराने जिवंत झाडांची हिरवी भिंत, पानांच्या नक्षीचा वॉलपेपर, जिप्समचे फॉल्स सिलिंग आणि वातानुकूलन सुचवले आहे, इमारत समितीचे सदस्य या नात्याने आपल्याला विचारायचे आहे की याला निसर्गप्रेरित आणि पर्यावरणपूरक म्हणावे का, आणि पहिले काम कोणते काढावे. सातारा-सांगली पट्ट्यात जुन्या वाड्यांच्या आणि शाळा-महाविद्यालयांच्या दुरुस्तीची कामे मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे की, सुचवलेल्या चारही गोष्टी बाजूला ठेवाव्यात आणि आत काही नवे आणण्याआधी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या इमारतीवर जे थापले गेले ते आधी काढावे.

आपल्या इमारतीच्या भिंती बहुधा काळ्या पाषाणाच्या आणि चुन्यात बांधलेल्या असतील. अशा भिंतीत जमिनीतून थोडी ओल चढणारच. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो आणि भिंत वाळत राहते. पुढे कधीतरी कोणी भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांना सिमेंटचा गिलावा करतो आणि वर ऑइल पेंट लावतो. मग ओलीची वाट बंद होते, ती सिमेंटच्या वरच्या कडेपर्यंत चढते आणि नेमकी तिथे पांढरी भुकटी फुलते, जिला आपण लोणा लागला म्हणतो. लोणा दिसला की पुन्हा सिमेंट, आणखी एक फूट उंच, हा क्रम मी इतक्या इमारतींत पाहिला आहे की भिंतीवर सिमेंट किती उंच चढले आहे त्यावरून किती वेळा दुरुस्ती झाली याचा अंदाज बांधता येतो.

म्हणून पहिले काम भिंतीच्या बाहेरून सुरू होते. पन्हळी फुटल्या आहेत का, पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशी साचते का, आणि आवारात बसवलेले पेव्हर ब्लॉक थेट भिंतीला भिडले आहेत का, हे पाहावे. भिडले असतील तर दोन फुटांची पट्टी उखडून तिथे खडी भरावी. त्यानंतर आतला सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोडीनेच काढावा. फोडण्याचे विजेचे यंत्र (ब्रेकर) लावले तर दगडांच्या सांध्यांतला जुना चुनाही निखळतो. जुना ऑइल पेंट मात्र कोरडा घासू देऊ नये. घरगुती रंगांतील शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे, भिंत ओली करून रंग खरवडावा आणि खरवड गोळा करून वेगळी ठेवावी.

नवा गिलावा पाण्यात भिजवून मुरवलेल्या चुन्याचा असावा. चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि गिलावा भिंतीवर घट्ट होताना हवेतून त्याचा बराचसा भाग परत घेतो. ही क्रिया संथ असते आणि तिला ओलावा लागतो. इथेच महाविद्यालयाच्या वेळापत्रकाशी गाठ पडते, कारण संस्थांना सगळे काम एप्रिल-मेच्या सुट्टीत उरकायचे असते आणि सांगलीच्या त्या उन्हाळ्यात चुना घट्ट होण्याआधीच वाळून भुसभुशीत होतो. दिवाळीनंतर एकेक दालन रिकामे करून काम केले, पातळ थर दिले आणि भिंतीवर ओली बारदाने टांगली, तर गिलावा टिकतो. वरून चुन्याचीच सफेदी, रंग हवा असल्यास गेरू किंवा पिवळी माती घालून. शेणापासून बनवलेला खादी प्राकृतिक पेंट 2021 च्या जानेवारीत बाजारात आला, त्याबद्दलही विचारणा होते. पण भिंत चुन्याची असताना चुन्याच्या सफेदीइतकी तिला मानवणारी दुसरी गोष्ट मला दिसत नाही.

हिरव्या भिंतीबद्दल माझी एक चूक सांगतो. साताऱ्यातील एका जुन्या संस्थेच्या जिन्यालगत मीच अशी भिंत करून दिली होती. ठिबकच्या नळ्या, फेल्टचे कप्पे, मागे प्लास्टिकचा पत्रा, सगळे नियमाप्रमाणे होते; तरी आठ-नऊ महिन्यांत एका सांध्यातून पाणी पाझरले आणि मागच्या खोलीतला गिलावा तळहाताएवढ्या पोपड्यांनी सुटू लागला. ती चौकट शेवटी मी स्वखर्चाने काढली. झाडांमुळे खोलीतील हवा शुद्ध होते हा युक्तिवादही तपासून घ्यावा, कारण त्यासाठी दाखवला जाणारा नासाचा 1989 चा प्रयोग हवाबंद पेटीत झाला होता. उघड्या-मिटत्या दारांच्या वर्गात एक झरोका जे करतो ते शंभर कुंड्यांना जमत नाही.

याचा अर्थ झाडांचा उपयोग नाही असा नव्हे. ती खिडकीबाहेर असावीत आणि आतून दिसावीत. अमेरिकी संशोधक रॉजर उल्रिच यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही सौम्य पुरली. आपल्या इमारतीत बहुधा खिडक्या उत्तम आहेत आणि त्यांच्यासमोर लोखंडी कपाटे उभी आहेत. ती हलवायला एक सुट्टीचा दिवस आणि चार माणसे लागतात.

फॉल्स सिलिंगचा विचार तर सोडूनच द्यावा. कौलारू छपराखाली गरम हवा वर चढते आणि कौलांच्या फटींतून व झरोक्यांतून निघून जाते. सिलिंग घातले की ही वाट बंद होते आणि मग वातानुकूलनाची गरज खरोखरच निर्माण होते. शिवाय आढे, वासे आणि कैच्या नजरेआड गेल्या की कुठे गळते आणि कुठे वाळवी लागली ते सागवान खाली येईपर्यंत कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक वर्गात मंगलोरी कौलांमध्ये दोन-तीन काचेची कौले बसवावीत. सकाळी फळ्यावर पडलेला उन्हाचा चौकोन तास संपेपर्यंत पहिल्या बाकाकडे सरकलेला असतो. निसर्ग आत आणणे म्हणतात ते याहून स्वस्तात होणार नाही. पानाफुलांची नक्षीच हवी असेल, तर आपल्याकडच्या वाड्यांत सुरूच्या आकाराचे खांब आणि केळफुलाचे नक्षीकाम होतेच; मोडक्या बाकांच्या जुन्या सागातून एखादा सुतार ते आजही काढून देऊ शकेल.

उंच छत आणि शहाबादी फरशी यांमुळे वर्गात आवाज घुमत असणार. त्यासाठी बाजारातले ध्वनिशोषक पॅनेल घेण्याआधी घोंगडीचा विचार करावा. आटपाडी, जत, माण या भागांत दख्खनी मेंढीची लोकर निघते. ती जाडीभरडी असल्याने तिला भाव मिळत नाही, पण आवाज पिण्यासाठी तोच जाडेपणा कामाचा आहे. सागाच्या चौकटीवर घोंगडी ताणून ती भिंतीपासून दोन इंच सुटी टांगावी. मागच्या हवेच्या पोकळीमुळे शिक्षकाच्या आवाजातले खालचे घुमणेही कमी होते. लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओलावा शोषूनही हाताला कोरडी लागते. कसर लागू नये म्हणून वर्षातून दोनदा चौकटी उतरवून उन्हात झटकाव्या लागतात, हे मात्र शिपाईमामांना आधी सांगून त्यांची संमती घ्यावी.

चौकटी खिळ्याने न ठोकता आकड्यांवर टांगाव्यात, याला आणखी एक कारण आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेले, आणि 2005 व 2021 मध्येही शहरात शिरले. सांगलीत निसर्गाचा विचार करून अंतर्गत रचना करायची तर नदी आत येणार हे धरूनच करावी लागते. तळमजल्यावर प्लायवूड, एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचे दाबून केलेले फळे), जिप्सम यांपैकी काहीही पक्के बसवू नये. विजेचे बटण आणि प्लग पूररेषेच्या वर घ्यावेत. ग्रंथालय तळमजल्यावर असेल तर ते वर न्यावे आणि खाली वर्ग आणावेत, कारण बाके धुता येतात. चुन्याची भिंत पुरानंतर गाळ धुऊन दारे-खिडक्या उघड्या ठेवल्यास काही महिन्यांत वाळते. सिमेंट आणि ऑइल पेंटखालची भिंत पुढचा पावसाळा आला तरी ओलीच असते.

कंत्राट काढण्याआधी एकच करावे. सर्वांत जास्त लोणा लागलेल्या खोलीतल्या भिंतीचा एक मीटर रुंदीचा पट्टा जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत मोकळा करून चुन्यात गिलावून घ्यावा, तो एक पावसाळा तसाच ठेवावा आणि शेजारच्या सिमेंटच्या भागाबरोबर समितीला प्रत्यक्ष हात लावून पाहू द्यावा. इमारत वारसा यादीत असल्यास या पट्ट्यासाठीसुद्धा लेखी परवानगी आधी घ्यावी.